कॉनवी: आठ बुरूज, चार वर्षं

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर कॉनवी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी पश्चिम काठावर खडकाची एक अरुंद, लांबट सोंड पाण्यापर्यंत उतरते आणि त्या सोंडेवर आठ गोल बुरुजांचा करडा किल्ला उभा आहे. चेस्टरहून येणारी आगगाडी नदी ओलांडून अगदी त्याच्या तटाला घासून गावात शिरते. मार्च १२८३ मध्ये या जागी किल्ला नव्हता, एक मठ होता. १२८७ चा शरद ऋतू संपेपर्यंत आठही बुरूज पूर्ण झाले होते आणि शेजारच्या नव्या गावाभोवती सव्वा किलोमीटरहून लांब तट, २१ बुरूज आणि तीन दरवाजे तयार होते. त्या थंड मुलखात हिवाळ्यात चुन्याचं काम थांबवावं लागे, हे लक्षात घेतलं तर बांधकामाचे खरे महिने आणखी कमी भरतात. युरोपातले मध्ययुगीन किल्ले बहुधा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले असतात. कॉनवी एका हेतूनं, एका दमात बांधलेला आहे. म्हणूनच तो पाहायला जाणाऱ्याला तो इतका स्पष्ट वाचता येतो.

हेतू सरळ होता. तेराव्या शतकात वेल्सच्या वायव्येला ग्विनेद नावाचं राज्य होतं. डोंगराळ, फारसं श्रीमंत नव्हे, पण स्वतःचा कायदा, भाषा आणि राजघराणं असलेलं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आणि ग्विनेदचा लिवेलिन आप ग्रिफिद यांच्यात १२७७ आणि १२८२ अशी दोन युद्धं झाली. डिसेंबर १२८२ मध्ये लिवेलिन मारला गेला. त्याचा भाऊ दाविद पुढच्या वर्षी पकडला गेला आणि श्रूझबरीला त्याला हालहाल करून ठार केलं. हा मुलूख पुन्हा उठू नये म्हणून एडवर्डनं त्याच्याभोवती किल्ल्यांची साखळी टाकली. कॉनवी, कर्नार्वन आणि हार्लेख ही तिन्ही कामं १२८३ सालीच सुरू झाली, बोमारिस १२९५ मध्ये. तिथल्या किल्लेदारांना धान्य आणि माणसं डोंगरातून नव्हे, जहाजातून मिळावीत म्हणून हे चारही किल्ले पाण्याच्या काठी ठेवले.

कॉनवीच्या जागेची निवड आणखी एका अर्थानं बोलकी आहे. इथला सिस्टर्शियन मठ ग्विनेदच्या राजघराण्याच्या आश्रयानं वाढला होता. मारल्या गेलेल्या लिवेलिनचे आजोबा, थोरले लिवेलिन, १२४० मध्ये वारले ते याच मठात, आणि त्यांचं दफनही इथेच झालं. एडवर्डनं भिक्षूंना नदीच्या वरच्या अंगाला मानान इथे नवी जागा दिली, मठाचं चर्च गावाचं चर्च केलं आणि उरलेल्या जागेत आपलं गाव आखलं. गावात इंग्लंडहून आणलेली कुटुंबं वसवली. वेल्श माणसांना तिथे राहायला आणि व्यापार करायला मज्जाव होता. किल्ल्याच्या सौंदर्याविषयी लिहिताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये. ज्यांच्या मुलखात हे बुरूज उभे राहिले त्यांच्यासाठी ते पराभवाची खूण होते.

कामाची सूत्रं ज्याच्याकडे होती त्याचं नाव मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. तो आल्प्सच्या पायथ्याच्या साव्हॉयचा. तिथल्या काउंटसाठी त्यानं किल्ले बांधले होते आणि एडवर्डची साव्हॉयच्या घराण्याशी नात्याची जवळीक होती. जेम्सला १२८४ पासून आयुष्यभर रोज तीन शिलिंग मिळायचे ठरले, आणि तो आधी गेला तर त्याची पत्नी अँब्रोसिया हिला त्याच्या निम्मे. तीन शिलिंग म्हणजे ३६ पेन्स. तेव्हाच्या साध्या मजुराची रोजची मजुरी साधारण दोन पेन्स होती. सगळं श्रेय या एका माणसाला द्यावं का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. चेस्टरचा रिचर्ड हा अभियंता आणि कित्येक इंग्लिश गवंडी-सुतार त्याच्याबरोबर होते. पण साव्हॉयची छाप भिंतीवर दिसते आणि ती कुठे पाहायची हे माहीत असेल तर कुणालाही ओळखता येते. एक खूण चर्यांवर आहे. आतल्या चौकाच्या तटावर जिथे चर्या शाबूत आहेत तिथे प्रत्येकीच्या माथ्यावर तीन छोटे दगडी सुळके दिसतात. ब्रिटनमध्ये हा प्रकार विरळाच. दुसरी खूण खिडक्यांच्या घडणीत आहे, तिसरी भिंतीतल्या भोकांत.

भोकांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे न पाहता पुढे जातात. गवंड्यांच्या परांचीचे आडवे वासे भिंतीत अडकवण्यासाठी ती ठेवलेली असत. काम संपलं की वासे काढून घेत आणि भोकं बुजवत किंवा तशीच सोडत. इंग्लंडमध्ये ती सहसा सरळ आडव्या ओळींत असतात. इथल्या बुरुजांवर मात्र अशाही ओळी दिसतात ज्या तिरक्या चढत बुरुजाला वळसा घालतात. म्हणजे बुरुजाभोवती चढणीचा एक रस्ताच बांधलेला असे. जड दगड शिडीवरून खांद्यावर नेण्याऐवजी त्या रस्त्यानं वर ओढत नेता येत. बुरूज वाढेल तसा रस्ताही वर सरके. हा साव्हॉयकडचा रिवाज मानला जातो. विसाव्या शतकात आर्नल्ड टेलर या अभ्यासकानं साव्हॉयमधले किल्ले आणि तिथले जुने हिशेब तपासून हे धागे जुळवले. एडवर्डच्या वेल्समधल्या किल्ल्यांविषयी आज आपल्याला इतकं ठाऊक आहे ते बरंचसं त्याच्या कामामुळे.

माणसं गोळा करणं हे दगड रचण्याइतकंच अवघड होतं. इंग्लंडच्या परगण्यापरगण्यांतून गवंडी, सुतार, खणकर, लोहार यांची भरती झाली, आणि ती खुशीची नव्हती. राजाचा हुकूम येई आणि ठरलेली माणसं निघत. ती चेस्टरला जमत आणि तिथून टोळ्या करून पुढे जात. आधी खणकर आणि सुतार आले. त्यांनी गावाच्या बाजूनं खडक तोडून खंदक काढला, कच्च्या लाकडी कुंपणानं जागा बंद केली, आणि मग गवंड्यांचं काम सुरू झालं. बहुतेक दगड त्याच खडकातून आणि आसपासच्या खाणींतून निघाला. खिडक्या आणि कोरीव कामासाठीचा मऊ वालुकाश्म चेस्टर आणि विरलच्या बाजूनं पाण्यावरून आला.

पैशाचा हिशेब चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर आजही वाचायला मिळतो. किल्ला आणि गावाचा तट मिळून चार वर्षांत सुमारे १५,००० पौंड खर्च झाले. दोन पेन्स रोज या हिशेबानं ती अठरा लाख दिवसांची मजुरी होते. १२७७ ते १३०४ या काळात वेल्समधल्या किल्ल्यांवर एडवर्डनं एकूण सुमारे ८०,००० पौंड ओतले. हा पैसा करांतून आला आणि इटलीतल्या लुक्का शहराच्या रिकार्डी सावकारांच्या कर्जातूनही आला. कामाच्या आवाक्याची सर्वांत जिवंत कल्पना मात्र बोमारिसहून फेब्रुवारी १२९६ मध्ये मास्टर जेम्सनं खजिन्याला पाठवलेल्या पत्रातून येते. इतका पैसा जातो कुठे, असा तुम्हाला प्रश्न पडला असेल, अशा अर्थाची सुरुवात करून तो यादी देतो: ४०० गवंडी, २,००० मजूर, १०० गाड्या, ६० मोठे छकडे, ३० नावा, २०० खाणकामगार, ३० लोहार. कामगारांची मजुरी थकली आहे आणि त्यांना थांबवून धरणं कठीण झालं आहे, हेही त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात आजच्या कुठल्याही मोठ्या बांधकामावरच्या अभियंत्याची तगमग ओळखू येते.

आता किल्ल्यात शिरू. सध्याची वाट तिकीटघराकडून चढत जाते, पण मूळ प्रवेश गावाच्या बाजूनं होता. दगडी उतारावरून वर यायचं, मग उचलता येणारा पूल, मग एक दरवाजा, आणि त्यातून आत गेलं की खऱ्या दरवाजाच्या समोरचं एक चिंचोळं अंगण. इथे शिरलेला शत्रू तिन्ही बाजूंनी माऱ्यात सापडे. दरवाजाच्या माथ्याकडे नीट बघावं. तिथे तटाच्या बाहेर काढलेल्या दगडी हातांच्या जोरावर एक अरुंद सज्जा तोललेला आहे आणि त्याच्या तळाला फटी आहेत. वरच्या पहारेकऱ्यानं बाहेर न वाकता त्या फटींतून थेट खाली मारा करायचा. पूर्वी असे सज्जे लाकडाचे असत आणि जळत. दगडातले जे ब्रिटनमध्ये शिल्लक आहेत त्यांत कॉनवीचे सर्वांत जुने समजले जातात.

हार्लेख किंवा बोमारिस पाहून आलेल्याला इथे एक उणीव जाणवेल. त्या किल्ल्यांचा अभिमान म्हणजे दोन बुरुजांमध्ये बसवलेलं, देवड्या आणि दालनांसह भलंमोठं दरवाजाघर. कॉनवीला ते नाही. तटाच्या आत तट अशी दुहेरी रचनाही नाही. कारण पायाखालचा खडक. सोंड इतकी अरुंद, की दुसरा तट बसवायला जागा नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. जेम्सनं खडकाचा आकार जसाच्या तसा स्वीकारला. त्यामुळे किल्ल्याचा आराखडा शिस्तीचा काटकोनी नाही आणि मुख्य सभागृहाची लांब भिंत खडकाच्या कडेबरोबर चक्क वाकत जाते. मला ही वाकलेली भिंत साऱ्या किल्ल्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. नकाशा सुंदर दिसावा म्हणून खडकाशी भांडायचं नाही, हे कळायला मोठा कारागीर लागतो.

हे सभागृह बाहेरच्या चौकात उजव्या हाताला आहे. लांबी सुमारे ३८ मीटर. आज त्याला छप्पर नाही, लाकडी जमीन नाही. खाली तळघराचा खळगा आणि वर आकाश. समोरच्या अंगाला स्वयंपाकघर आणि तबेला होता, त्यांचे फक्त पाये उरलेत. या चौकाला चार बुरूज. त्यांतला एक तुरुंगाचा. त्याच्या तळाशी, जिथे उजेडाला फार कमी वाट आहे अशी कैद्यांची खोली आहे. चौकाच्या पलीकडच्या टोकाला खडकात खोदलेली विहीर. खोली २८ मीटर. वेढा पडला तर किल्ल्याचं आयुष्य तिच्यावर अवलंबून असे, म्हणून ती आतल्या दरवाजाच्या अगदी जवळ ठेवलेली आहे.

विहिरीपाशी किल्ल्याचे दोन भाग होतात. इथे एक आडवा तट आहे, त्याच्यासमोर खडकात पाडलेली खाच, आणि तिच्यावर पूर्वी दुसरा उचलता पूल होता. बाहेरचा चौक शिपाई-गड्यांचा, आतला राजाचा. बाहेरचा पडला तरी आतला बालेकिल्ल्यासारखा स्वतंत्र लढवता यावा अशी सोय आहे. आतल्या चौकाला पूर्वेकडून पाण्यापर्यंत उतरणारी वेगळी वाट होती, म्हणजे राजाला गावाच्या बाजूला पाऊलही न टाकता जहाजातून थेट आपल्या दालनांत जाता येई. याच पूर्वेच्या बाहेरच्या अंगणात बाग होती. आतल्या चौकाच्या चारही बुरुजांना माथ्यावर एकेक जादा टेहळणीचा मनोरा आहे. दूर नदीतून पाहिलं तरी कोणता अर्धा राजाचा, हे त्यावरून ओळखता येतं.

आतल्या दालनांत उभं राहून वर पाहिलं की भिंतीच्या अर्ध्या उंचीवर शेकोट्या लटकलेल्या दिसतात. मजल्यांची लाकडं गेली, शेकोट्या राहिल्या. तुळयांचे खळगे मोजत गेलं तर मजले मनात पुन्हा बसवता येतात. खिडक्यांच्या जाड भिंतींत बसायचे दगडी कट्टे आहेत. पूर्वेच्या बुरुजात राजाचं खासगी प्रार्थनाघर आहे. लहानसंच, पण त्याचं घुमटी छत आणि उंच निमुळत्या खिडक्या बऱ्याच शाबूत आहेत, आणि किल्ल्यातलं कोरीव काम जर कुठे थांबून पाहायचं असेल तर ते इथे. बुरुजांच्या जिन्यांवरून माथ्यावर जाता येतं. पायऱ्या अरुंद आणि पावसात निसरड्या असतात, आणि पाऊस इथे कधीही येतो. माथ्यावरून एका बाजूला एरेरीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला नदीचं मुख आणि समुद्र दिसतो. ज्यांच्यावर नजर ठेवायची ते डोंगर आणि ज्याच्या जोरावर ठेवायची तो समुद्र, दोन्ही एका नजरेच्या टप्प्यात.

आज दगड करडा दिसतो, पण मूळ किल्ला पांढरा होता. बाहेरून चुन्याचा हात दिलेला असे आणि त्याचे डाग काही ठिकाणी अजून भिंतीवर धरून आहेत. हिरव्या डोंगरापुढे, निळ्या पाण्याकाठी तो पांढरा पुंजका मैलांवरून दिसत असणार, आणि दिसावा हाच त्यामागचा उद्देश.

एवढा भक्कम किल्ला किती माणसांच्या भरवशावर होता? १२८४ च्या राजाज्ञेप्रमाणे ३०. त्यांत १५ धनुर्धारी, बाकीच्यांत एक धर्मगुरू, एक सुतार, एक लोहार, एक गवंडी, एक शस्त्रकारागीर वगैरे. किल्लेदार हाच गावाचा नगराध्यक्षही असे. पहिला किल्लेदार विल्यम द सिकॉन हाही जेम्ससारखा परमुलखातून आलेला. दगडानं माणसांची संख्या वाचवायची हाच अशा किल्ल्याचा हिशेब. पण कॉनवीचा पुढचा सगळा इतिहास पाहिला तर दिसतं, की तट कधीच कमी पडला नाही. कमी पडलं ते धान्य, छप्पर, लक्ष किंवा वचन.

पहिली परीक्षा एडवर्डच्याच नशिबी आली. १२९४ मध्ये मादोग आप लिवेलिनच्या नेतृत्वाखाली वेल्श लोक उठले. राजा फौज घेऊन कॉनवीला पोचला आणि डिसेंबर-जानेवारीच्या पुरात, थंडीत किल्ल्यात अडकून पडला. नदी फुगलेली, जहाजं येईनात, रसद संपत आली. राजासाठी राखून ठेवलेला थोडासाच मद्यसाठा त्यानं एकट्यानं न घेता सगळ्यांत वाटायला लावला, असं इंग्लिश इतिवृत्तकार सांगतात. उठाव पुढे मोडला गेला. राजासाठी बांधलेल्या त्या देखण्या दालनांत राजाचा दीर्घ मुक्काम असा झाला तो हाच, आणि तो अर्धपोटी.

त्यानंतर दुर्लक्ष. १३२१ च्या पाहणीत छपरं गळत असल्याचं, लाकडं कुजल्याचं आणि साठा अपुरा असल्याचं नोंदलेलं आहे. बांधून पूर्ण झाल्याला जेमतेम ३४ वर्षं होत होती. १३४० च्या दशकात किल्ला ब्लॅक प्रिन्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्राकडे आला. त्याचा कारभारी जॉन वेस्टन यानं कुजक्या लाकडी आधारांच्या जागी सभागृहावर आणि दालनांवर दगडी कमानी घातल्या. बाकीचं छप्पर गेल्यावरही त्यांतली एखादी कमान अजून रिकाम्या सभागृहावर उभी दिसते. तिला आता उचलायला काही नाही.

ऑगस्ट १३९९ मध्ये दुसरा रिचर्ड या किल्ल्यात आला तो पळता राजा म्हणून. तो आयर्लंडमध्ये असताना त्याचा चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक इंग्लंडमध्ये उतरला होता. रिचर्ड घाईनं परतला, पण कॉनवीला त्याच्यासाठी जमवलेली फौज तोवर पांगली होती. हेन्रीच्या वतीनं नॉर्थंबरलंडचा अर्ल वाटाघाटीला आला. राजाला धक्का लागणार नाही, अशी शपथ त्यानं घेतली. राजाबरोबर असलेला जाँ क्रेतों हा फ्रेंच लेखक सांगतो, की ही शपथ किल्ल्याच्या प्रार्थनाघरात पवित्र प्रसादावर हात ठेवून घेतली गेली. रिचर्ड बाहेर पडला, वाटेत अर्लच्याच माणसांनी त्याला घेरलं आणि फ्लिंटच्या किल्ल्यात तो हेन्रीच्या हवाली झाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पाँटेफ्रॅक्टच्या कैदेत मेला. तटाआड राहिला असता, समुद्राची वाट मोकळी होती, तर काय झालं असतं, हा विचार त्या बुरुजात मनात आल्यावाचून राहत नाही.

दोनच वर्षांनी कॉनवीवर सर्वांत धाडसी डाव पडला. वेल्समध्ये ओवाइन ग्लिन्डूरचा उठाव पेटला होता. त्याचे चुलतभाऊ रीस आणि ग्विलिम आप तुदुर यांनी १ एप्रिल १४०१ हा दिवस निवडला. तो गुड फ्रायडे होता. किल्ल्यात १५ शिपाई आणि ६० धनुर्धारी असल्याचं सांगितलं जातं, पण त्या वेळी बहुतेक सगळे गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेले. सुताराच्या वेशात माणसं दरवाजाशी आली, आम्ही कामाला आलोय म्हणाली, आत शिरली, पहाऱ्यावरच्या दोघांना मारलं, आणि त्यांच्या साथीदारांनी दरवाजे बंद करून घेतले. गावाच्या तटासह अठरा लाख दिवसांच्या मजुरीचा किल्ला असा एका सकाळीत गेला. त्यांनी तो सुमारे तीन महिने धरला. शेवटी तहानं सोडला. तुदुर बंधूंना माफी मिळाली, पण अॅडम ऑफ अस्क हा इतिवृत्तकार लिहितो, की त्याची किंमत म्हणून त्यांनी आपल्याच नऊ साथीदारांना मृत्युदंडासाठी इंग्रजांच्या हवाली केलं. या बंधूंचा आणखी एक भाऊ होता, मारेदिद. त्याच्या मुलाचा नातू १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. ट्यूडर घराणं ते हेच.

सतराव्या शतकात किल्ला इतका निकामी समजला जात होता, की पहिल्या चार्ल्सनं तो १६२७ मध्ये एडवर्ड कॉनवे नावाच्या सरदाराला १०० पौंडांना विकला. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात त्याला पुन्हा महत्त्व आलं. कॉनवीतच जन्मलेले यॉर्कचे आर्चबिशप जॉन विल्यम्स यांनी स्वतःच्या खर्चानं तो दुरुस्त केला आणि राजासाठी धरला. आसपासच्या लोकांनी आपल्या मौल्यवान चिजा सुरक्षित राहतील म्हणून इथे आणून ठेवल्या. मग राजानं दुसराच सुभेदार नेमला, लोकांच्या ठेवींवरून वाद झाला, आणि दुखावलेले आर्चबिशप पार्लमेंटच्या बाजूला गेले. ऑगस्ट १६४६ मध्ये पार्लमेंटचा सेनानी थॉमस मिटन यानं गाव घेतलं, नोव्हेंबरमध्ये किल्ला शरण आला. १६५५ मध्ये तो लढण्याजोगा राहू नये म्हणून मुद्दाम मोडतोड करण्याचा हुकूम निघाला. बेकहाउस बुरुजाची बाजू ढासळलेली दिसते ती त्यापायी. १६६५ मध्ये छपराचं शिसं आणि लाकूड विक्रीसाठी काढून नेलं. ज्या क्षणी शिसं गेलं त्या क्षणी किल्ला खऱ्या अर्थानं संपला, कारण पाऊस थेट मजल्यांवर पडू लागला.

अवशेष म्हणून त्याचं दुसरं आयुष्य मग सुरू झालं. अठराव्या शतकाच्या शेवटी चित्रकार येऊ लागले. टर्नरनंही कॉनवी रंगवला. नंतर अभियंते आले. थॉमस टेलफर्डचा झुलता पूल १८२६ मध्ये आणि रॉबर्ट स्टीफन्सनचा लोखंडी नळीचा रेल्वेपूल १८४८ मध्ये किल्ल्याच्या पायथ्याला टेकला. दोघांनीही पुलांच्या टोकांना चर्यांचे बुरूज दिले. स्टीफन्सनच्या पुलात आगगाडी लोखंडी पेटीच्या आतून जाते. याच पद्धतीचा त्याचा मोठा ब्रिटानिया पूल १९७० च्या आगीत गेला, त्यामुळे कॉनवीचा हा पूल डोळे भरून पाहण्यासारखा आहे आणि त्यावरून आजही रोज गाड्या धावतात. १९५८ मध्ये मोटारींसाठी तिसरा पूल आला. मोठी वाहतूक १९९१ मध्ये नदीखालच्या बोगद्यात गेली तेव्हा गावानं सुटकेचा श्वास टाकला. किल्ला आता कादू या वेल्सच्या वारसा-विभागाकडे आहे, आणि १९८६ पासून कर्नार्वन, हार्लेख, बोमारिससह जागतिक वारसा यादीत.

किल्ला पाहून झाला की लगेच स्थानक गाठू नये. गावाचा तट चालल्याशिवाय कॉनवी अर्धाच पाहिला जातो. तटावरच्या फांजीवरून बराच फेरा मारता येतो, त्याला तिकीट नाही. दक्षिणेच्या बाजूला, गिरणी-दरवाजाच्या जवळ, तटाबाहेर ओळीनं काढलेले बारा दगडी कोनाडे दिसतील. ते शौचकूप आहेत. राजाचे कारकून आणि हिशेबनीस याच भागात काम करत आणि त्यांच्यासाठी ही सोय होती. बारा जागांची गरज लागावी इतके कारकून! किल्ल्यामागे केवढी कारकुनी होती याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. त्याच तटाच्या एका भागात काही मोठ्या खिडक्या आहेत, ज्यांचं संरक्षणाच्या तटात काहीच काम नाही. ती लिवेलिनच्या वाड्याची भिंत मानली जाते. एडवर्डच्या गवंड्यांनी ती पाडण्याऐवजी तटातच सामावून घेतली.

एक दिवस हाताशी असेल तर नदीपलीकडच्या लँडडनो जंक्शनहून खोऱ्यातून वर जाणारी छोटी गाडी धरावी आणि लानरूस्टला उतरावं. वाटेत मानान लागतं, जिथे एडवर्डनं भिक्षूंना पाठवलं. तो मठही सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात बंद झाला आणि त्याचे दगड आजूबाजूला गेले. तिथून हलवलेली, थोरल्या लिवेलिनची म्हणून ओळखली जाणारी दगडी शवपेटी लानरूस्टच्या चर्चमधल्या ग्विदिर प्रार्थनाघरात ठेवली आहे. झाकण नाही, आत काही नाही, बाजूंवर चार पाकळ्यांची नक्षी आहे. चर्च रोज ठरलेल्या वेळीच उघडतं, तेवढं आधी विचारून निघावं.